विश्वापूर्वी काय होते? : दोन 'तहाफुत' आणि आमच्या पुस्तिका

आम्ही उर्दू माध्यमाच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. एके दिवशी 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा, असा साधा स्वाध्याय दिला होता. पावसाच्या आधी ढग येतात, अजाननंतर नमाज होते, अशी वाक्ये वह्यांत आली. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले होते, 'अल्लाहने जग बनवले. त्याच्या आधी काय होते?' वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होते. आम्ही खाली बरोबरची खूण केली. वही परत दिली तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "सर, जुमला सही है, मगर जवाब?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि 'उद्या पाहू' म्हणत आम्ही वर्गाबाहेर पडलो. घंटा झाल्याचे आम्हाला बरे वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

शिक्षकांच्या खोलीत हा प्रश्न सांगितला तेव्हा दोन उत्तरे मिळाली. एक सहकारी म्हणाले की असले प्रश्न म्हणजे वसवसा, मुलांना तेथेच थांबवावे. दुसऱ्यांनी कपाटातून एक पुस्तिका काढून दिली. तिच्यात असे म्हटले होते की विज्ञानाने आज जो महास्फोट शोधून काढला तो कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच आलेला आहे; तेव्हा प्रश्न सुटलेला आहे. पहिले उत्तर प्रश्नाला घाबरते. दुसरे प्रश्न विचारण्यापूर्वीच जिंकल्याची द्वाही फिरवते. दोन्हींचा परिणाम एकच होतो, मूल खाली बसते. प्रस्तुत लेखात आम्ही ही दोन्ही उत्तरे आमच्याच जुन्या ग्रंथांच्या कसोटीवर लावून पाहणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की या प्रश्नाबाबत आमचे पूर्वज आमच्या आजच्या पुस्तिकांपेक्षा अधिक धीट होते आणि अधिक सावधही होते.

प्रथम शब्दांचा विचार करू. उर्दूत ज्याला आरंभ नाही त्या काळाला 'अझल' म्हणतात आणि ज्याला शेवट नाही त्याला 'अबद'. मराठीत 'अनादि' आणि 'अनंत' हे शब्द जवळपास तेच काम करतात. इल्मे कलाममध्ये जे आरंभाविना आहे ते 'कदीम' आणि जे नव्हते व मग झाले ते 'हादिस'. उर्दूत आपण रोज वापरतो तो 'हादसा' हा शब्द याच धातूचा. अल्लाह कदीम आहे याविषयी मुसलमानांत वाद नाही. वाद झाला तो जगाविषयी. जग हादिस आहे की तेही एका अर्थाने कदीम आहे? जग हादिस असेल तर त्याच्या 'आधी' या शब्दाला काही अर्थ आहे काय? नववीतल्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच आहे. फरक एवढाच की तिला या परिभाषेची गरज पडली नाही.

इमाम अबू हामिद गझाली (1058–1111) बगदादच्या निझामिया मदरशात शिकवत होते. तेथे असतानाच त्यांनी 'तहाफुतुल फलासिफा' हा ग्रंथ लिहिला. 1095 साली त्यांनी ते पद सोडले. ग्रंथाच्या नावाचा अर्थ तत्त्वज्ञांच्या म्हणण्याची पडझड असा करता येईल. त्यात वीस प्रश्न आहेत आणि पहिलाच, सर्वांत लांबलेला प्रश्न जगाच्या अनादित्वाचा आहे. फाराबी आणि इब्ने सिना यांचे म्हणणे असे होते की कारण पूर्ण असेल तर कार्य मागे राहू शकत नाही. अल्लाह अनादि आहे आणि त्याला कशाची उणीव नाही, तर मग त्याचे कार्यही अनादिच असले पाहिजे. तो अमुक क्षणापर्यंत थांबला आणि मग जग निर्माण केले असे म्हटले, तर तोच क्षण का, याचे उत्तर द्यावे लागेल.

गझालींचे उत्तर वाचण्यासारखे आहे. ते म्हणतात, समजा भुकेल्या माणसापुढे दोन खजूर आहेत, अगदी सारखे, सारख्याच अंतरावर. तो उपाशी बसणार नाही, एक उचलील. सारख्या गोष्टींतून एक निवडणे हाच इराद्याचा, इच्छेचा गुण आहे. मग ते ग्रहांचा हिशेब मांडतात. सूर्याचा फेरा एका वर्षाचा आणि शनीचा तीस वर्षांचा, असे तेव्हाचे गणित होते. जग अनादि असेल तर दोघांचेही फेरे अगणित झाले. आणि तरीही सूर्याचे फेरे शनीच्या तीसपट. अगणिताची तीसपट म्हणजे काय? ते फेरे सम आहेत की विषम? हा प्रश्न वाचताना आम्हाला एखाद्या हुशार विद्यार्थ्याने फळ्याजवळ येऊन खडू मागितल्यासारखे वाटले.

परंतु गझालींचा सर्वांत खोल मुद्दा याच्या पुढे येतो. ते म्हणतात की काळ हाही निर्माण केलेलाच आहे. जगाबरोबर काळ आला. त्यामुळे 'जगाच्या आधीचा काळ' ही आमच्या कल्पनाशक्तीची, 'वहम'ची खोड आहे. वहमला आरंभ म्हटला की त्याच्या मागे आणखी काही तरी दिसते. तशीच त्याला विश्वाची हद्द म्हटली की तिच्यापलीकडे मोकळी जागा दिसते. तत्त्वज्ञ मंडळी हद्दीपलीकडची जागा हा भ्रम आहे असे मान्य करतात. मग आरंभापूर्वीचा काळही तसाच भ्रम का मानत नाहीत, असा त्यांचा सवाल आहे. अल्लाह होता आणि जग नव्हते, या वाक्यातल्या 'होता' या क्रियापदाने आपण फसतो. भूतकाळाशिवाय आपल्याला बोलताच येत नाही. भाषेच्या शिक्षकाला हा मुद्दा फार लवकर पटतो. आम्ही ज्या वाक्याला बरोबरची खूण केली होती ते व्याकरणात बरोबर होते. प्रत्यक्षातही ते बरोबर असेलच, असे व्याकरण कधी सांगत नाही.

गझालींवर आमचा आक्षेपही आहे. एवढा मोकळा वाद घातल्यानंतर ग्रंथाच्या शेवटी ते तीन मतांसाठी तत्त्वज्ञांवर कुफ्रचा निवाडा देतात आणि त्यांतले पहिले मत जगाच्या अनादित्वाचेच आहे. ज्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना इतकी पाने लागली त्याचा निकाल अशा ठशाने लावावा, हे आम्हाला ग्रंथाच्या पहिल्या भागाशी सुसंगत वाटत नाही. पुढच्या काळात अनेकांनी वाद वाचला नाही, ठसा तेवढा उचलला.

त्या निवाड्याला उत्तर आले ते कुर्तुबाच्या काझींकडून. इब्ने रुश्द (1126–1198) यांनी 'तहाफुतुत तहाफुत' म्हणजे त्या पडझडीचीच पडझड लिहिली. त्यांची पद्धत आमच्या समीक्षकांनी शिकावी अशी आहे. गझालींचा मजकूर द्यायचा, मग त्यावर आपले म्हणणे मांडायचे. खजुरांविषयी ते म्हणतात की तो माणूस या खजुरात आणि त्या खजुरात निवड करीतच नाही. तो खाणे आणि न खाणे यांत निवड करतो. अगणित फेऱ्यांविषयी ते म्हणतात की जे कधी एकत्र अस्तित्वात नसते त्याची बेरीज नाही, म्हणून सम-विषमही नाही.

याहून महत्त्वाचे त्यांनी 'फस्लुल मकाल' या छोट्या ग्रंथात लिहिले आहे. तेथे काझी इब्ने रुश्द दाखवून देतात की अल्लाहबरोबर निव्वळ 'अदम' म्हणजे शून्य होते, असे कुरआनात शब्दशः कोठेही आलेले नाही. उलट सूरह हूदच्या सातव्या आयतीत आकाश-पृथ्वीच्या निर्मितीच्या संदर्भात त्याचे अर्श पाण्यावर असल्याचा उल्लेख येतो आणि सूरह हा-मीम सजदाच्या अकराव्या आयतीत आकाश धूर असल्याचा. वरवरचा अर्थ घेतला तर या जगापूर्वीही काही होते, असेच दिसते. तेव्हा शून्यातून निर्मिती मानणारे कलामवालेही आयतीचा अर्थच लावत आहेत आणि तत्त्वज्ञही अर्थच लावत आहेत. इतक्या अवघड प्रश्नात कोणाची चूक झाली तरी तो क्षमेला पात्र आहे, कुफ्रला नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एका काझीने दिलेला हा निकाल आहे, हे ध्यानात घ्यावे. इब्ने रुश्द यांचीही मर्यादा आहेच. अरिस्टॉटलची गती आणि काळ यांविषयीची मांडणी त्यांनी जवळजवळ प्रमाण मानली; काळ स्वतःच निर्माण झालेला असू शकतो हा गझालींचा मुद्दा त्यांनी हवा तितका तोलून पाहिला नाही, असे आमचे मत आहे.

आता 'असले प्रश्न विचारू नयेत' या पहिल्या उत्तराकडे वळू. त्याला आधार म्हणून एक हदीस सांगितली जाते. सैतान माणसाला हे कोणी निर्माण केले, ते कोणी निर्माण केले, असे विचारीत शेवटी तुझ्या रबला कोणी निर्माण केले येथवर नेतो. तेथे अल्लाहचा आश्रय मागून थांबावे, अशा आशयाची ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती आम्ही मानतो. परंतु ती अल्लाहच्या निर्मात्याविषयी आहे. जगाच्या आरंभाविषयीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याविषयीची हदीसही वेगळी आहे.

ती बुखारीच्या 'बदउल खल्क' म्हणजे निर्मितीच्या आरंभाच्या प्रकरणात येते. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) सांगतात की आपली सांडणी दाराशी बांधून ते पैगंबरांच्या (स.) सेवेत गेले. तेथे यमनचे लोक आले आणि म्हणाले, आम्ही या साऱ्याच्या आरंभाविषयी विचारायला आलो आहोत. त्यांना कोणी दटावले नाही. पैगंबरांनी (स.) उत्तर द्यायला सुरुवात केली. अल्लाह होता, त्याच्याखेरीज काही नव्हते, त्याचे अर्श पाण्यावर होते, अशा आशयाचे ते उत्तर आहे. इतक्यात कोणी तरी हाक मारली की इब्ने हुसैन, तुझी सांडणी सुटली. ते उठून तिच्यामागे गेले. ती इतकी दूर गेली होती की मधे मृगजळ दिसू लागले होते. पुढे ते शपथेवर म्हणत की सांडणी गेली असती तरी चालले असते, मी तेथून उठायला नको होते.

प्रश्न वर्ज्य असता तर ही हळहळ कशाला? ही हदीस वाचली तेव्हा आम्हाला आमची शाळेची घंटा आठवली. हजरत इम्रान (रजि.) नाइलाजाने उठले आणि त्यांना जन्मभर खंत राहिली. आम्ही सुटका झाली म्हणून उठलो.

याच हदीसच्या शब्दांवरही आमच्या उलेमांनी बारकाईने वाद घातला आहे. बुखारीतच एका ठिकाणी अल्लाह 'खेरीज' काही नव्हते असा शब्द आहे, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या 'आधी' काही नव्हते असा. इमाम इब्ने तैमिया हे तत्त्वज्ञांचे मित्र नव्हते, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही त्यांनी या एका हदीसवर स्वतंत्र विवेचन लिहिले. 'आधी' हाच पाठ ग्राह्य धरून त्यांनी म्हटले की यमनच्या लोकांचा प्रश्न या दिसणाऱ्या जगाच्या आरंभाविषयी होता. अल्लाहने सर्वांत प्रथम काय निर्माण केले याविषयी नव्हे. म्हणजे या जगापूर्वी दुसरी निर्मिती असण्याची वाट त्यांनी बंद केली नाही. एका शब्दाच्या पाठभेदावर एवढा विचार करणाऱ्या परंपरेत मुलाला 'गप्प बस' हे उत्तर शोभत नाही.

दुसऱ्या उत्तराची, म्हणजे पुस्तिकांची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण त्या आमच्या प्रेमाचा फायदा घेतात. या प्रकारच्या लेखनाला फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांच्या 1976 सालच्या पुस्तकानंतर बहर आला. सूरह अंबियाच्या तिसाव्या आयतीत आकाश आणि पृथ्वी जोडलेली होती व मग विलग केली, असा आशय आहे. तेथले 'रत्क' आणि 'फत्क' हे शब्द म्हणजे महास्फोट, असे सांगितले जाते. परंतु इमाम तबरी यांच्या तफसीरमध्ये या आयतीचे अनेक अर्थ नोंदवलेले आहेत आणि त्यांनी स्वतः पसंत केलेला अर्थ असा की आकाश बंद होते म्हणजे पाऊस पडत नव्हता, पृथ्वी बंद होती म्हणजे काही उगवत नव्हते. मग दोन्ही उघडली. आयतीच्या पुढच्याच भागात पाण्याचा उल्लेख असल्याने त्यांनी हा अर्थ घेतला. महास्फोटाचा अर्थ कोणी सुचवू नये असे आम्ही म्हणत नाही. तोच एक अर्थ आहे आणि तो सिद्ध झाला आहे असे मुलांना सांगणे मात्र तफसीरवरही अन्याय आहे आणि विज्ञानावरही.

विज्ञान काय म्हणते ते पाहू. विश्व प्रसरण पावत आहे आणि सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी ते अतिशय दाट व तप्त होते, याविषयी आज भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतील पेन्झियस आणि विल्सन यांना 1964–65 साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण हा त्यांतला मोठा पुरावा. हा प्रकाश आरंभानंतर सुमारे 3,80,000 वर्षांनी मोकळा झाला. त्यापूर्वीचे प्रकाशाने दिसत नाही. महास्फोट हा आरंभच होता की एखाद्या आधीच्या अवस्थेतून झालेला बदल, याचा निर्णय झालेला नाही. हार्टल आणि हॉकिंग यांनी 1983 साली अशी मांडणी केली की तेथे काळाला कडच नाही. त्यापूर्वी काय, असे विचारणे म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय, असे विचारणे होय, हा हॉकिंग यांचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. गझालींचा वहमवरचा मुद्दा वाचलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. उलट रॉजर पेनरोझ म्हणतात की या विश्वापूर्वी दुसरे युग होते आणि त्याही आधी आणखी एक.

ज्यांनी या सिद्धान्ताचा पाया घातला ते बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. 1931 साली त्यांनी जगाचा आरंभ एका मूळ कणातून झाल्याची कल्पना मांडली आणि त्या क्षणी स्थळ-काळ या शब्दांना अर्थ उरणार नाही असेही सुचवले. 1951 साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धान्ताची सांगड निर्मितीच्या श्रद्धेशी घातली. लमेत्र यांना ते आवडले नाही. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूचाही नाही व विरुद्धही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या पुस्तिका जे आज करीत आहेत ते ख्रिस्ती जगात पूर्वीच करून झाले आहे आणि त्याला हरकत घेणारा माणूस स्वतः त्या सिद्धान्ताचा जनक होता.

हे दूरचे वाटत असेल तर आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घेऊ. डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांचा जन्म कोल्हापूरचा. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी केंब्रिजला काम केले, पुण्यात 'आयुका' उभी केली आणि मराठीत विज्ञान सांगितले. महास्फोटातून विश्वाचा आरंभ झाला हे मत त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारले नाही. 1993 साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी जी मांडणी केली तिच्यात विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण-आकुंचनाच्या फेऱ्यांतून जाते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती मानली नाही, हेही सांगितले पाहिजे. आमचा प्रश्न एवढाच की पुस्तिकेचे म्हणणे खरे धरले तर नारळीकरांशी मतभेद हा ईमानचा प्रश्न होईल काय? आणि उद्या पेनरोझ बरोबर निघाले तर आमच्या मुलांनी काय करायचे? ज्या श्रद्धेला दुर्बिणीचे प्रशस्तिपत्र लागते ती पुढच्या दुर्बिणीला घाबरून राहते.

नारळीकरांची एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून फार आवडते. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करून पाठवत. प्रश्न दिल्याशिवाय सही नाही.

या ठिकाणी पुन्हा गझालींकडे यावे लागते. 'तहाफुत'च्या प्रस्तावनांतच त्यांनी ग्रहणाचे उदाहरण दिले आहे. ग्रहणाचे गणित सिद्ध झालेले असताना धर्माच्या नावाने जो त्याच्याशी भांडतो तो धर्माचेच नुकसान करतो, आणि भलत्या मार्गाने धर्माची बाजू लढवणाऱ्यामुळे होणारे नुकसान रीतसर हल्ला करणाऱ्यापेक्षा मोठे असते, असा त्यांचा इशारा आहे. जग गोल आहे की आणखी कसे, याच्याशी श्रद्धेला कर्तव्य नाही. ते अल्लाहचे कृत्य आहे एवढे पुरे, असे ते म्हणतात. आमच्या पुस्तिका गझालींचे नाव आदराने घेतात; ही प्रस्तावना मात्र त्यांनी वाचलेली दिसत नाही.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला नवी दिशा दिली ती अल्लामा इक्बाल यांनी. 1930 साली लाहोरहून त्यांची इंग्रजी व्याख्याने प्रसिद्ध झाली. नझीर नियाजी यांनी ती उर्दूत आणली. निर्मिती ही भूतकाळात एकदा घडून गेलेली घटना आहे आणि जग म्हणजे कारागिराने करून बाजूला ठेवलेली वस्तू आहे, ही समजूत इक्बाल यांना मान्य नव्हती. त्यांच्या मते निर्मिती चालूच आहे. तसे असेल तर 'आधी काय होते' या प्रश्नाइतकाच 'आता काय होत आहे' हा प्रश्नही धर्माचा ठरतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या परंपरेतही हा प्रश्न आहे, हे मराठीत लिहिताना विसरता येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त याच प्रश्नावर आहे आणि त्याच्या सात ऋचा संशयावर येऊन संपतात. आमची श्रद्धा तेथे संपत नाही, आम्ही निर्माता मानतो. परंतु प्रश्न विचारताना माणूस कोठपर्यंत जाऊ शकतो, याविषयी त्या सूक्ताबद्दल आम्हाला आदर वाटतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या वर्गात गेलो. उत्तर घेऊन गेलो नव्हतो, दोन खजूर आणि दोन ग्रंथांची नावे घेऊन गेलो होतो. खजूर टेबलावर ठेवून आम्ही वाद मांडला. अर्धा वर्ग गझालींच्या बाजूला गेला, अर्धा इब्ने रुश्द यांच्या. शेवटी त्या मुलीला विचारले की तुझे मत काय. ती म्हणाली, "सर, दोनो का खुदा एकही था ना? फिर डर किस बात का?" आम्हाला जे सांगायला इतकी पाने लागली ते तिने एका वाक्यात सांगितले.

आमची सूचना साधी आहे. गझाली, इब्ने रुश्द आणि इम्रान बिन हुसैन (रजि.) यांची हदीस ही सारी सामग्री सोप्या मराठीत आणि सोप्या उर्दूत नववी-दहावीच्या मुलांपर्यंत पोहोचावी. निकाल सांगू नये, वाद सांगावा. या अंकाचे वाचक आणि लेखक हे काम करू शकतात. आणि पुढच्या वेळी वर्गात असा प्रश्न आला आणि घंटा झाली, तर पाच मिनिटे उशीर झाला तरी बाहेर पडायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.